लोकेशन बंद करूनही आपण कुठे आहोत हे लोकांना कसं कळतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, घरूनच शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा धंदा करता, ऑर्डरी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर घेता. गेल्या आठवड्यात एका अनोळखी अकाउंटवरून मेसेज आला, "आज तुळजापूरला का? मग संध्याकाळचं पार्सल कोण देणार, आजी एकट्याच?" त्या दिवशी तुम्ही खरोखरच तुळजापूरला होता आणि घरी सासूबाई एकट्या होत्या. फोनचं लोकेशन तर बंद होतं. मिस्टर म्हणतात फोन हॅक झालाय, पेज बंद करून टाक, आणि यापुढे गूगल मॅप्सचं लोकेशन चोवीस तास माझ्याशी शेअर करून ठेव. तुम्हाला धंदा बंद करायचा नाही.

नवी पेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी लोक फुटलेली स्क्रीन घेऊन यायचे, आता "फोनमध्ये कोणीतरी शिरलंय, बघा की जरा" म्हणूनही येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या फोनमध्ये कोणी शिरलेलं नसतं. माहिती त्यांनी स्वतःच थोडी थोडी करून बाहेर दिलेली असते. तुमच्या बाबतीतही माझा पहिला संशय तोच. मात्र फोन हातात न घेता छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि मेसेज करणारा ओळखीतला की परका यावरही बरंच अवलंबून आहे. म्हणून दोन्ही शक्यता धरून लिहितो.

तो मेसेज पुन्हा एकदा शांतपणे वाचा. त्यात तीन गोष्टी आहेत. तुम्ही तुळजापूरला आहात, संध्याकाळी पार्सल द्यायचंय, घरात वयस्कर बाई एकटी आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी तुमच्या फोनमध्ये शिरायची गरज नाही. ज्याने खरोखर फोन ताब्यात घेतलेला असतो तो असा मेसेज टाकून तुम्हाला सावध करत नाही. त्याचा डोळा ओटीपीवर आणि बँकेच्या खात्यावर असतो, तो गुपचूप बसून राहतो. असं खोडसाळ, जरा दम दिल्यासारखं लिहिणारा माणूस बहुतेक वेळा तुमचं रोजचं बघणारा निघतो. गिऱ्हाईक, जुना ओळखीचा, बिल्डिंगमधला, क्वचित धंद्यातला स्पर्धक.

तुळजापूर त्याला कुठून कळलं? माझा अंदाज व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आहे. बहुतेकांचं स्टेटस 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवलेलं असतं, आणि कॉन्टॅक्ट म्हणजे आपलीच माणसं असं वाटत राहतं. पण घरून धंदा करणाऱ्या बाईच्या कॉन्टॅक्टमध्ये कोण असतं? 'चटणी अर्धा किलो विजापूर रोड', 'भाकरी होटगी रोड सर', 'पुणे पार्सल मॅडम'. गिऱ्हाइकाचा नंबर तुम्ही सेव्ह केला, त्याने तुमचा केला, की तुमचं स्टेटस त्याला दिसायला लागतं. तुम्ही सकाळी एसटी स्टँडवरचा सेल्फी टाकता, दुपारी देवळाबाहेरचा फोटो, खाली 'आई राजा उदो उदो'. तो नणंद बघते, तसेच भाकरी होटगी रोड सरही बघतात.

यावर इलाज सरळ आहे. धंद्याला वेगळं सिम घ्या. एकाच फोनमध्ये साधं व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस वेगवेगळ्या नंबरांवर आरामात चालतं. गिऱ्हाइकं बिझनेसवर, घरची माणसं साध्यावर. सुरुवातीला कटकट होते, जुनी गिऱ्हाइकं जुन्याच नंबरवर फोन करत राहतात. तोवर स्टेटसच्या प्रायव्हसीत 'ओन्ली शेअर विथ' निवडून मोजक्याच नावांवर टिकमार्क करा. 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' हा पर्याय तुमच्या कामाचा नाही. नवीन गिऱ्हाईक सेव्ह केलं की ते आपोआप बघणाऱ्यांत जमा होतं, आणि दरवेळी त्याला वगळायचं कोणाच्या लक्षात राहतंय?

दुसरी जागा इन्स्टाग्रामची. तुमचं पेज मी पाहिलेलं नाही, पण अशी पेजं नेहमी बघतो, त्यावरून सांगतो. भाकरी थापतानाचा रील असतो, मागच्या खिडकीतून समोरच्या अपार्टमेंटची पाटी वाचता येते. पॅकिंगच्या व्हिडिओत कुरिअरच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर असतो, कधी गिऱ्हाइकाचासुद्धा. ओट्याच्या कोपऱ्यात वीजबिल. दारात एमएच १३ ची स्कूटर, नंबरसकट. 'आजच्या ऑर्डरी निघाल्या' हा रील रोज साधारण त्याच वेळेला. मग एखाद्या दिवशी स्टोरी येते, 'उद्या ऑर्डर बंद, घरचे सगळे बाहेर'. सासूबाई शेंगा निवडताना दिसतात, लोकांना ते फार आवडतं, खाली 'आजींना नमस्कार सांगा' अशा कमेंटी पडतात. सुटी सुटी बघितली तर एकाही पोस्टमध्ये काही वावगं नाही. महिनाभराच्या सलग बघितल्या की तुमच्या घरात कोण कधी असतं याचं वेळापत्रकच हाती येतं. आणि हे सगळं लोकेशनचं बटण बंद असताना.

अंदाजपंचे बोलत नाही. २०१३ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. पंधरा लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या हालचालींच्या नोंदी, नावं काढून टाकून, त्यात तपासल्या होत्या. माणूस कोणत्या वेळी कुठे होता असे नुसते चार बिंदू मिळाले तरी ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे ओळखू येत होते. प्रत्येक बिंदूत जागेबरोबर वेळही होती, हे महत्त्वाचं. २०१८च्या जानेवारीत तर याहून गाजलेला प्रकार झाला. धावणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या स्ट्राव्हा ॲपने जगभरच्या व्यायामाच्या वाटा दाखवणारा नकाशा आधीच्या नोव्हेंबरात खुला केला होता. त्यात वाळवंटातल्या लष्करी तळांच्या कडेने धावण्याच्या रेघा उजळलेल्या सापडल्या. कोणी सैनिकाने तळाचा पत्ता टाकला नव्हता, फक्त रोजचं धावणं नोंदवलं होतं. तुमचे मिस्टर सकाळी कंबर तलावावर चालायला जाऊन असल्या ॲपवर नोंद करत असतील, तर सेटिंगमध्ये घराजवळचा भाग लपवायची सोय आहे, ती चालू करायला सांगा.

आता मुद्द्याचं. तुमच्यासारख्या धंद्यात पत्ता पूर्ण लपवणं शक्यही नाही. खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नंबर लागतो, तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागतो. तुमची चटणी ज्याच्या घरी गेली त्याच्याकडे तुमचा पत्ता गेलाच. म्हणून मी अशा गिऱ्हाइकांना सांगतो की ठिकाण झाकण्यात सगळी शक्ती घालवू नका, वेळ झाका. तुमचं घर जुळे सोलापुरात आहे हे हजार जणांना माहीत असलं तरी फारसं बिघडत नाही. आज चार ते आठ त्या घरात फक्त आजी आहेत, हे एकाला कळलं तरी बिघडतं.

हे रोजच्या कामात कसं उतरवायचं? फिरायला गेलात, लग्नाला गेलात, तर फोटो परत आल्यावर टाका. गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला अख्खं घर बाहेर असतं, तेव्हाचे फोटो रात्री घरी येऊन टाकले म्हणून नंदीध्वजांची शान कमी होत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या बर्थवरून 'दोन दिवस मुंबई' हे लिहिणं तर अजिबात नको. ऑर्डर बंद ठेवायची असेल तर 'गुरुवारी ऑर्डर घेतल्या जाणार नाहीत' एवढंच लिहा. कारण द्यायची आपल्याला फार सवय, पण गिऱ्हाइकाला कारणाशी काही देणंघेणं नसतं. रोजच्या पार्सलच्या रीलची वेळ बदलत ठेवा, कालचा व्हिडिओ आज टाकला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

सासूबाईंना रीलमध्ये घ्यायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न. घेतलंत तरी 'आई दुपारभर एकट्याच सगळं बघतात' असलं कौतुक वाक्यात येऊ देऊ नका. पार्सल न्यायला येणाऱ्याला वरती घरात बोलावण्यापेक्षा खाली गेटवर किंवा ओळखीच्या किराणा दुकानात देण्याची पद्धत पाडा. तुम्ही घरी नसताना दार उघडायचंच नाही, हे आजींना एकदा नीट समजावून सांगा. मोबाइलच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा याचा उपयोग जास्त.

आपल्याकडे नान्नजच्या माळरानावर फोटो काढायला जाणारी मंडळी आहेत. त्यांतले जे जाणते आहेत ते लांडग्याची पिल्लं किंवा पक्ष्याचं घरटं दिसलं तर फोटो उशिरा टाकतात आणि खाली फक्त 'सोलापूर जिल्हा' लिहितात. जागा कळली की तिथे गर्दी होते आणि पिल्लांचे हाल होतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. हीच माणसं स्वतःच्या मुलाचा शाळेच्या दारातला, ओळखपत्र गळ्यात असलेला फोटो मात्र त्याच मिनिटाला टाकतात. असो.

गूगल मॅप्सवर तुम्ही धंद्याची नोंद केली असेल तर तीही उघडून बघा. घरून धंदा करणाऱ्यांसाठी त्यात पत्ता न दाखवता फक्त 'या भागात सेवा देतो' असं दाखवायची सोय आहे. तिथे घराचा अचूक पिन काढून 'सोलापूर शहर' एवढंच ठेवा, लोक फोन करून विचारतीलच. व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाइलमधला पत्ता असाच मोघम करा. इन्स्टाग्रामच्या जुन्या पोस्टना जोडलेलं ठिकाण, पोस्टच्या तीन टिंबांवर जाऊन एडिटमधून काढता येतं. सगळ्या काढत बसायची गरज नाही, ज्यांवर घराचं किंवा मुलांच्या शाळेचं ठिकाण आहे तेवढ्या काढा. हायलाइटमध्ये जुन्या स्टोऱ्या साठून राहतात, तिकडे सहसा कोणी फिरकत नाही, तेवढी नजर टाका. आणि दुसरं कोणी तुम्हाला टॅग करतं तेव्हा आधी तुमची परवानगी लागेल अशी सेटिंग असते, ती चालू करा. नणंदेच्या मुलीचा उत्साह आपण थांबवू शकत नाही, टॅग थांबवू शकतो.

फोटोंच्या आत दडलेल्या लोकेशनबद्दलही लोक विचारतात. कॅमेऱ्याला परवानगी दिली असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात आणि ते काही मीटरपर्यंत अचूक असू शकतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते. तोच फोटो 'क्वालिटी जाऊ नये' म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला तर ती जशीच्या तशी जाते, ईमेलनेही तसंच. लेबल छापणाऱ्याला, बॅनरवाल्याला आपण बहुधा असेच फोटो पाठवतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला लोकेशन टॅग बंद केला की हा विषय संपला.

आता दुसरी शक्यता, म्हणजे फोनमध्येच काही आहे. इथे थोडा वेळ देतो, कारण दुकानात खरी गडबड सापडते ती बहुतेक एकाच जागी. तुमच्या फोनमधलं जीमेल कोणी उघडून दिलं होतं? फोन घेतला त्या दुकानातल्या पोराने, की भाच्याने? पासवर्ड कोणाला माहीत आहे? आपल्याकडे निम्म्या घरांत याचं उत्तर 'आठवत नाही' असं येतं. ज्याच्याकडे तो पासवर्ड आहे त्याला तुमचा फोन या क्षणी कुठे आहे हे गूगलच्या फाइंड हबवर बघता येऊ शकतं, पूर्वी त्याला फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे. ही सोय हरवलेला फोन शोधायला आहे, चांगलीच आहे, पण चावी दुसऱ्याच्या खिशात असेल तर तुमच्यावर पाळत ठेवायलाही तीच पुरते. यात हॅकिंग वगैरे काही नसतं, त्यामुळे कुठलाही अँटिव्हायरस ते पकडत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये गूगलवर जा, अकाउंट उघडा आणि सिक्युरिटीखाली 'युअर डिव्हाइसेस' बघा. ओळखीचा नसलेला फोन किंवा कॉम्प्युटर दिसतो का? तिथेच रिकव्हरीचा मोबाइल नंबर कोणाचा आहे तेही बघा. तो दुसऱ्याचा असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, तो माणूस पुन्हा आत येऊ शकतो. आधी नंबर बदला, मग पासवर्ड. यानंतर गूगल मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टिचकी मारून 'लोकेशन शेअरिंग' उघडा, तिथे कोणाचं नाव आहे ते कळेल. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघा. 'लग्नाची पत्रिका' म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, कधी उघडली होती का, ते आठवून बघा. उघडली असेल तर फोन ओळखीच्या माणसाकडून तपासून घ्या, तोपर्यंत त्यावरून बँकेचे व्यवहार नकोत.

एक सावधगिरी. मेसेज करणारा ओळखीतलाच आहे असा संशय असेल, तर यातलं काहीही काढून टाकण्याआधी स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. डिव्हाइस काढलं की पुरावा जातो, आणि समोरच्यालाही कळतं की तुम्ही सावध झालात.

मिस्टरांच्या सूचनेबद्दल तुम्ही जरा दबकतच विचारलंय, म्हणून स्पष्ट सांगतो. त्यांची काळजी खरी आहे. पण चोवीस तास लोकेशन त्यांना दिल्याने त्या अनोळखी माणसाला दिसणारी एकही गोष्ट कमी होत नाही. त्याला दिसत होतं ते स्टेटस आणि पेज. उलट गूगल मॅप्सवर 'बंद करेपर्यंत' शेअर केलं की ते वर्षानुवर्षं चालू राहतं, समोरच्याला जागेबरोबर तुमच्या फोनची बॅटरीसुद्धा दिसते, आणि त्यांचा फोन चोरीला गेला तर चोराच्या हातीही तेच लागतं. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन मला जास्त पसंत आहे. त्यात १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास एवढेच पर्याय आहेत आणि मुदत संपली की ते आपोआप बंद पडतं.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालात तर रात्रभराचा रस्ता आहे, ८ तास लावा आणि मिस्टरांना पाठवा, ग्रुपवर नको. मुलगी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून रात्री उतरणार असेल तर स्टेशनपासून घरापर्यंत १ तास पुष्कळ झाला. कामापुरतं शेअर करायला कोणाची हरकत असत नाही, माझ्याही घरात तेच चालतं. कायमचं चालू ठेवायचं असेल तर दोघांनीही एकमेकांना द्यावं आणि दोघांपैकी कोणालाही न विचारता बंद करता यावं. ते बंद केल्यावर भांडण होणार असेल, तर मग बोलायची गोष्ट वेगळी आहे आणि ती सेटिंगमध्ये सुटणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचाही एक निकाल यासंदर्भात वाचण्यासारखा आहे. ८ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने, जामिनावर सुटलेल्या आरोपीने गूगल मॅप्सचा पिन तपास अधिकाऱ्याला देत राहावा ही अट रद्द केली. सतत पाळत ठेवता येईल अशी अट आरोपीच्या खासगीपणाच्या हक्कावर घाला घालते, असं त्यात म्हटलंय. हा निकाल नवरा-बायकोबद्दल नाही, पण जेवताना सहज विषय काढायला बरा आहे.

आता त्या मेसेजचं काय करायचं. उत्तर देऊ नका, 'कोण आहेस तू' असंही नाही. लगेच ब्लॉकही करू नका. आधी मेसेजचा, त्या अकाउंटच्या प्रोफाइलचा आणि त्याच्या युजरनेमचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. अकाउंटवाला नाव बदलू शकतो, म्हणून प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. त्यानंतर ब्लॉक आणि रिपोर्ट करा. ज्या दिवशी मेसेज आला त्या दिवशीचं तुमचं स्टेटस कोणी कोणी पाहिलं होतं ते आता दिसणार नाही, ती यादी स्टेटसबरोबर २४ तासांत जाते. पण पुढचं स्टेटस टाकाल तेव्हा ती यादी जरूर वाचा.

तक्रार करायची का? एकच मेसेज आहे म्हणून लोक थांबतात. माझं मत, सासूबाईंचा उल्लेख आहे म्हणून निदान अर्ज देऊन ठेवा. शहर पोलिसांच्या सायबर शाखेत जाता येतं, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. कोणी दारात येऊन उभं राहिलं तर सरळ ११२. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीचा पाठलाग करणं, नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या एका मेसेजवर ते कलम लागेल की नाही हे पोलीस ठरवतील, पण दुसरा मेसेज आला तर आधीचा अर्ज तुमच्या बाजूने उभा राहतो.

जाताना मूळ मेसेज ज्यात आहे तो फोन घेऊन जा, नुसत्या प्रिंटा नकोत. रीसेट तर अजिबात मारू नका. 'आधी फॉरमॅट मारून घ्या, सगळं साफ होईल' असा सल्ला देणारे आमच्या लाइनमध्येच पुष्कळ आहेत. अर्ज देऊन झाला की फोन, त्यातल्या जीमेलचा तुम्हाला आठवतो तो पासवर्ड आणि नवीन सिम घेऊन या, दोन्ही व्हॉट्सॲप समोर बसूनच लावून घेऊ.